बीम सरकला त्याची गोष्ट

गांगुर्ड्यांनी बावीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर रेघा मारल्या आणि त्यातली एकही वाकडी गेली नाही. हे त्यांनी स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं की ऑफिसातल्यांनाही खरं वाटू लागलं होतं. पण २००७ साली खैरनार साहेब, म्हणजे एअरकंडिशनिंगचे नकाशे करणाऱ्या त्या चार टेबलांच्या ऑफिसाचे मालक, मुंबईला तीन दिवसांचं शिबिर करून आले आणि येताना नवं सॉफ्टवेअर घेऊन आले. आता म्हणे रेघा मारायच्या नाहीत, अख्खी इमारतच कॉम्प्युटरात उभी करायची. खांब, बीम, छत आणि त्यांच्यामधून गार हवा नेणारे पत्र्याचे डक्ट. डक्ट बीमला धडकला की पडद्यावर तेवढा भाग लालभडक.

"गांगुर्डे, एक महिना देतो," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर एक मुलगी परवाच इंटरव्ह्यू देऊन गेलीय. तिला सगळं येतं."

सेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला दुसरीकडे कुणी उभंही करणार नाही, हे गांगुर्ड्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी शुभांगीला त्यांनी एवढंच सांगितलं की ऑफिसात नवीन प्रोग्राम आलाय. "मग शिकून घ्या की," ती म्हणाली. "मी नाही का मिक्सर शिकले?"

काम आलं ते चिमाजीरावांच्या मंगल कार्यालयाचं. चिमाजीरावांनी मखमलाबादच्या मळ्यातल्या गुलाबांचे हार आयुष्यभर लग्नांना पुरवले आणि घामाने निथळणारे नवरदेव बघून बघून त्यांना एसी कार्यालयाची कल्पना सुचली. हॉलचा सांगाडा दिवाळीतच उभा राहिला होता. गांगुर्ड्यांनी तो कॉम्प्युटरात उभा केला, डक्ट टाकला आणि डक्ट मधल्या लांब बीममध्ये नऊ इंच घुसला. पडदा लाल झाला.

यावर उपाय सोपा होता. एक बटण दाबायचं, माउसने दोन ठिकाणी टिचकी मारायची आणि दोन्ही वस्तू एका रेषेत. गांगुर्ड्यांनी सरळ माणसासारखा विचार केला. एसटीत आपण काय करतो? ज्याला सरकवायचं त्याच्या खांद्याला आधी हात लावतो, "अहो, जरा सरका," आणि मग जागा दाखवतो. त्यांनी आधी डक्टला टिचकी मारली, मग बीमला. लाल रंग गेला. अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं.

पण सॉफ्टवेअर एसटीने कधी आलं नव्हतं. त्याची रीत लग्नघरातली. आधी मानाच्या पाहुण्याला विचारायचं, तो जागचा हलणार नाही, आणि मग उरलेल्याने त्याच्या सोयीने सरकायचं. डक्टचा मान आधी झाला, म्हणून डक्ट जागेवर राहिला आणि वीस टन काँक्रीटचा बीम मुकाट्याने नऊ इंच बाजूला झाला.

रंगीत प्रिंट निघाले. असे नकाशे नाशकात कुणी पाहिले नव्हते, त्यामुळे ते तपासण्याऐवजी सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. खैरनार साहेबांनी सही केली, आर्किटेक्ट बाईंनी केली, आरसीसीवाल्या इंजिनिअरांनी तर स्वतःच्याच सरकलेल्या बीमवर सही केली. गांगुर्ड्यांची नोकरी पक्की झाली. त्या मुलीला नकार कळवला गेला.

उद्घाटनाला बारा दिवस राहिले असताना भिमाजी पत्रेवाल्याचा साइटवरून फोन आला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभा जन्म पत्रा वळवलेला माणूस. "साहेब, डक्ट बीमात चाललाय."

सगळे धावले. गांगुर्ड्यांनी वर बघितलं आणि एका क्षणात त्यांना सगळं उमगलं. बाकीच्यांनी मात्र आधी नकाशावरच्या आपापल्या सह्या बघितल्या.

"नकाशा तर बरोबर आहे," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या.

"कॉम्प्युटरने काढलाय," साहेब म्हणाले.

"म्हणजे बीम चुकलाय," इंजिनिअरांनी निकाल दिला. "सेंटरिंग कुणी केलं होतं?"

सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, पेठ तालुक्याकडच्या झिपरूच्या टोळीने केलं होतं. झिपरू पलीकडे फळ्यांचे खिळे उपटत होता. त्याची सही कशावरच नव्हती, त्यामुळे तो सगळ्यांनाच एकदम पसंत पडला. आजच टोळीला हाकला, शहरात पुन्हा कुणी कामावर घेता कामा नये, असं ठरतही आलं.

"मी चार दिवसांत डक्टला बाक देतो ना," भिमाजी म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

गांगुर्डे गप्प राहिले असते तर प्रश्न मिटला होता. ते मिनिटभर गप्प राहिलेही, आणि त्या मिनिटाची त्यांना पुढे फार लाज वाटली. मग ते म्हणाले, "बीम मी सरकवला."

"काय?"

"कॉम्प्युटरात. टिचकी उलटी मारली. बीम दिवाळीतला आहे, नकाशा फेब्रुवारीतला. झिपरूने चूक करायची तरी कशी?"

गांगुर्डे चुकले म्हणावं, तर खालच्या तीन सह्यांचं काय? शेवटी इंजिनिअरांनाच वाट सापडली. "सॉफ्टवेअरचा दोष आहे हा." सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपनीला कडक पत्र लिहायचं ठरलं, डक्टला बाक द्यायचं ठरलं आणि झिपरूचा विषय आपोआप मागे पडला.

साहेबांनी गांगुर्ड्यांना जिन्याखाली नेलं. "चूक झाली, त्याचं काही नाही हो. चुका मीही करतो. पण चारचौघांत कबूल करणारा माणूस ऑफिसात परवडत नाही. उद्या आणखी कुठे खरं बोलाल." सोमवारपासून त्यांनी ती मुलगी बोलावली.

घरी काय सांगायचं, ते गांगुर्ड्यांना सुचेना. ते तसेच हॉलमध्ये बीमखाली उभे राहिले. झिपरू खिळ्यांची पाटी घेऊन जवळ आला. मघाशी आपलं काय ठरत होतं याचा त्याला पत्ताही नव्हता.

"काय झालं, साहेब? बीमात काय खोट निघली का?"

"नाही. बीम एकदम बरोबर बसवलाय तुम्ही."

"तं!" झिपरू खूश झाला. त्याने वर बघितलं. "आमचा बीम एकदा बसला का बसला. मंग कोनी कितीबी सह्या करू द्या, हालायचा नाय."