हर्षाचं गाऱ्हाणं

काजूचे बोंडू तुडवताना वत्सलेच्या पायाखाली तिच्या मनाने रोज गावचा देवऋषी गोकुळदास घाडीच असे. रस निथळून गेला तरी ती तुडवतच राही.

तिच्या पोरीचं त्यानेच वाटोळं केलं होतं. हर्षाच्या कमरेवर, बरोबर मणक्यावर, जन्मापासून टाचणीएवढं भोक होतं. गोकुळदास म्हणाला, ही देवाची खूण, डॉक्टरला दाखवलीत तर कोप होईल. सासूने हात जोडले, नवरा देवेश मुकाट राहिला. दर सोमवारी घाडी त्या भोकावर अंगारा दाबून बसवी. पाचव्या वर्षी पोर तापाने फणफणली आणि पाय उचलेनात. शहरातल्या डॉक्टरांनी पाठ उघडली, तर भोकाची वाट थेट मज्जारज्जूत गेलेली आणि आत पू. तान्हेपणीच शस्त्रक्रिया झाली असती तर पोर धडधाकट असती, असं ते म्हणाले. हर्षा वाचली, पण डावा पाय फरफटतच राहिला.

आणि आता त्या निर्लज्जाने निरोप धाडला, देवाने पोर राखली, नारळ घेऊन या. देवेश म्हणाला, तंटा नको. वत्सला म्हणाली, नारळ तर द्यायलाच हवा.

सोमवारी घाड्याचं अंगण भरलं होतं. एक बाई तान्हं घेऊन अंगाऱ्यासाठी बसली होती. गोकुळदास सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहणार, तोच वत्सलेने हर्षाला पुढे घेतलं आणि स्वतःच नारळ वर धरला. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं लाटंबार्शे गावात कुणी ऐकलं नव्हतं. पण देवाचं नाव निघाल्यावर अडवणार कोण?

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या पाठीर भोक होता."

"व्हय म्हाराजा," अंगण सवयीने म्हणालं.

"ह्या गोकुळदासान ती तुझी खूण म्हटली, डॉक्टराक दाखवूक दिली नाय."

"व्हय म्हाराजा." आवाज जरा खाली आला होता.

"वरसून अंगारो लायलो. आत पू जालो, पोरीचो पाय गेलो."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हाराजा, हेच्या फुडे खंयच्याय पोराच्या पाठीक हेणा हात लायलो, तर तो हात माझ्या पोरीच्या पायासारखो लुळो पडू दी."

अंगण गप्प झालं. मान खाली घालून उभ्या गोकुळदासाच्या तोंडून मात्र जन्माच्या सवयीने निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

तान्ह्याची आई उठून चालू लागली. वत्सलेने पायरीवर नारळ फोडला. फोडलेल्या नारळाची एक वाटी रिवाजाने घाड्याची असते. तिने दोन्ही हर्षाच्या हातात दिल्या.