बिअरचा प्याला

आग लागो त्या ओतारच्या बुरुजाला! दगडाचा आहे, लागणार नाही, ठाऊक आहे मला.

आमच्या द्राक्षमळ्यांच्या वर, टेकडीवर, जुना टेहळणी बुरूज होता, पार ढासळलेला. ओतार म्हणजे माझ्या नवऱ्याचा, झाक्रोचा, चुलतभाऊ. तालुक्याचा साहेब झाला आणि बुरूज नव्याने बांधायचं खूळ डोक्यात शिरलं. दगडांचे ट्रक तुमच्या अंगणातून नेतो म्हणाला. अंगणात आमचे वाइनचे रांजण पुरलेले. त्यातला मोठा आमचा इमेदा जन्मला तेव्हा भरलेला, त्याच्या लग्नासाठीच उघडायचा म्हणून तोंड लिंपून ठेवलेला.

"आणि रांजणाला धक्का लागला तर?" मी विचारलं.

"वहिनी, पोराची शपथ, काही होणार नाही!"

झाक्रो पडला गरीब गाय. हो म्हणाला.

वर्षभर ट्रक धडधडत राहिले. बुरूज उभा राहिला. लग्न आठवड्यावर आलं होतं, म्हणून उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच झाक्रोने रांजण उघडला. तळाशी नुसता गाळ. बुडाला हा एवढा तडा. पोराच्या जन्मापासूनची वाइन मातीत मुरून गेली होती.

ओतारला बोलावून दाखवला, तर म्हणतो कसा, "जुना रांजण, आज ना उद्या तडकणारच! चल, परदेशी पाहुणे आलेत. पहिला प्याला तूच उचलायचास."

"गेलास तर बघ," मी नवऱ्याला म्हटलं. तो गेलाच. मीही तणतणत मागोमाग.

बुरुजावर झाक्रोने वाइनचा प्याला बाजूला सारला आणि बिअर मागितली. गावकऱ्यांनी उचललेले प्याले खाली ठेवले. आमच्यात बिअर हातात घेऊन नाव घेतात ते फक्त वैऱ्याचं.

"लांबून येणारा माणूस ओळखू यावा म्हणून आज्या-पणज्यांनी हा बुरूज बांधला," झाक्रो म्हणाला. "मला तर इथून जवळचाही ओळखू आला. ओतार, भावा, तुझ्या नावाने!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. ओतारचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं. बरी जिरली मेल्याची, मला वाटलं.

पण घरी आल्यावर हा माणूस रिकाम्या रांजणाच्या तोंडाशी बसला आणि ढसाढसा रडला. मलाही आवरेना. इमेदा आला, बापाजवळ उकिडवा बसला.

"असू दे, बाबा," तो म्हणाला. "दुकानातून आणू."