एरंडेलाची वाटी

धम्मपालचा तिसरा बोर्डही साहेबांच्या हातात पापुद्रे होऊन सुटला. बुटांच्या कारखान्याचे हे साहेब तसे सज्जन, म्हणून ओरडले नाहीत. हात झटकले, "आता पुन्हा नको," म्हणाले आणि गाडीत बसले. शेडमालकाने तर आधीच बजावलं होतं, हा माल पास झाला नाही तर प्रेस दुसऱ्याला भाड्याने देईन. सगळं मुसळ केरात गेलं.

काम म्हटलं तर सोपं. फेकून दिलेल्या चामड्याच्या कतरणीचा भुगा करायचा, त्यात रबराचा चीक मिसळायचा, गरम प्रेसखाली दाबून बोर्ड काढायचा. बुटाच्या आतल्या तळाला तो लागतो. धम्मपाल शिकायला गेला होता तिथे हाच बोर्ड वाकवून मोडायचा नाही. अंबडच्या या शेडमध्येच घोडं कुठे पेंड खात होतं, कळेना. त्याने चीक बदलला, आच वाढवली. कतरण तर हाताला इतकी मऊ लागायची, की मालाचा संशयही आला नाही. देवळाली कॅम्पच्या बाजारात 'केरातून सोनं काढणारा' म्हणून थट्टा झाली ती वेगळीच. लोकांना काय, फुकटची करमणूक.

तो घरी आला. कतरणीच्या गोण्या घरीच, पडवीत असायच्या. तिथे त्याचे वडील, गोटीराम, एक गोणी उघडून बसले होते. मांडीशी एरंडेलाची वाटी. एकेक तुकडा उचलून तेल चोळायचे आणि परत गोणीत टाकायचे.

धम्मपालने गोणीतला एक तुकडा उचलून बोटांत चोळून बघितला. तेल प्यालेल्या चामड्याला चीक धरणार कसा?

"आबा, हे कधीपासून?"

"पयल्या गोणीपासून. चामडं कोरडं ठेवू नाय, मरतं ते. तुला बोललो नाय, म्हणशील म्हातारा मधीमधी करतो."

वाटी भिंतीवर आपटावी असं त्याला वाटलं. एक दिवस आधी कळतं तर! पण जन्मभर जवानांचे बूट शिवून थरथरायला लागलेली ती बोटं अजून तुकडा चोळतच होती. त्याला रडू यायला लागलं.

"सायब काय म्हणले?"

"बघू म्हणाले."

"मंग होईल. माल चांगला हाय आपला. तेल संपत आलंय, उद्या आणशील?"

"आणतो," धम्मपाल म्हणाला. बापाशेजारी बसला आणि गोणीतला एक तुकडा उचलून त्यानेही तेलात बुडवला.