दोरीला एकच बाई पुरते

"मशीन घरी नेऊ नकोस," कारखान्यातल्या शिलाईच्या टेबलावरची सगळ्यांत जुनी मावशी म्हणाली होती. "हाताला काम मिळेल, पण तोंडाला कुलूप लागेल."

शेजारी शिवणारी ती हसली होती. "मावशी, तुम्हाला गप्पांना माणूस कमी पडेल, म्हणून म्हणताय." पदवी घेतलेली, कडेवर तान्हं मूल. बाळही नजरेसमोर आणि पगारही घरबसल्या. आंधळा मागतो एक डोळा, तसं तिला झालं होतं.

त्या कारखान्यात पूर्वी पूर्ण मापाच्या चड्ड्या शिवायच्या. एकीने बाजू जोडायच्या, दुसरीने मधली पट्टी, तिसरीने इलॅस्टिक, चौथीने लेस. कापड हातोहात फिरे आणि त्याच्याबरोबर कोणाची सासू, कोणाची दाढदुखीही फिरे. मग थाँगची, म्हणजे मागे नुसती पट्टी असलेल्या चड्डीची, मागणी वाढली. आधी ती नाचणाऱ्यांच्या पोशाखात असे, पुढे पोहण्याच्या कपड्यांत आली आणि घट्ट पँटवर आतली रेघ दिसू नये म्हणून बघता बघता कपाटाकपाटांत शिरली. टेबलावर तिला नुसतं 'दोरी' म्हणत.

"लंगोटीच ही, परदेशात शिकून आलेली," मावशी म्हणायची.

"मग कापड कमी आणि किंमत जास्त कशी?" ती विचारायची.

"न लावलेल्या कापडाचे पैसे घेतात गं."

पण कापड घटलं तसे हातही घटले. दोन-तीन तुकडे, जरासं इलॅस्टिक. अख्खी दोरी एकटी बाई शिवू शकते. टेबल मोडलं. मशीनं घरोघर गेली.

नवरा लांबच्या कामावर, कधीमधी यायचा. कारखान्याचा गठ्ठेवाला कापलेल्या कापडाचा गठ्ठा दारात टाकून, बेल वाजवून जिना उतरायचा. मुलगा दीड वर्षाचा झाला, तरी एक शब्द नाही. खेळता खेळता तोंडाने फक्त 'घर्र' करायचा, थांबायचा, पुन्हा 'घर्र'. डॉक्टरबाईंनी कान तपासले. कान ठणठणीत.

"घरात कोण बोलतं त्याच्याशी?"

"मी," ती म्हणाली. आणि आज आपण त्याच्याशी काय बोललो, ते तिला आठवेना.

एका दुपारी धागा तुटला. तिचं मशीन थांबलं, पण घरघर चालूच. तिने मुलाकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं. आवाज छतातून येत होता.

त्याला उचलून ती जिना चढली. दार साखळीपुरतं उघडलं. तिच्याहून लहान एक बाई, खांद्यावर बाळ, ओठांत धागा. मागे फरशीवर पुदिन्याच्या रंगाच्या तुकड्यांचा ढीग, हिच्या घरी होता तसाच.

"तुझ्याकडेही दोऱ्या?"

"अगंबाई. मला वाटायचं, माझ्याच मशीनचा आवाज खाली घुमतो."

मग दुपारी उरलेले धागे कापायचं काम घेऊन ती वर जाऊ लागली.

"ताई, हे इलॅस्टिक आहे की लाटा?"

"आणि तुझी टीप? वाट फुटेल तिकडे निघालीय."

मुलगा एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत राही. एकदा तो त्या बाळापाशी गेला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ये." दोघींच्या कात्र्या थांबल्या.

पुढे वरची गप्प गप्प होत गेली. "झोपच येत नाही, ताई," एकदा म्हणाली. "बाळ रडायला लागलं की मी मशीन आणखी जोरात चालवते." हिने "होतं असं" म्हटलं आणि धागे कापत राहिली. घरी आल्यावर जीव टांगणीला लागला. सकाळी वर गेली, तर खोलीला बाहेरून कुलूप.

"बिऱ्हाड हललं," गठ्ठेवाला म्हणाला. "कुठे, ते मला कोण सांगतंय?"

एकाच जिन्यावर राहायचं, तर फोन नंबर कोण मागतो? दोघींनी मागितलाच नव्हता.

मुलगा अजून छताकडे बघून "ये" म्हणतो. एवढा एकच शब्द. तोही उत्तर मिळेना म्हणून विरळ होत चाललाय.

म्हणून तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या इमारतीत लहान बाळाची एखादी आई नवीन राहायला आली असेल, दाराआड मशीन चालत असेल आणि बाळ रडलं की ते जोरात चालत असेल, तर एकदा जाऊन बघा. ती म्हणेल, सगळं ठीक आहे. तरीही आत जा, बाळाला घ्या आणि तिला थोडं झोपू द्या.