प्लास्टिकचे घोडे

तनयाच्या कानावर 'पिस्तूल' हा शब्द पडता कामा नये, असा वैभवीने घरात नियमच केला होता. चार वर्षांची पोर, उद्या नर्सरीत जाऊन काय सांगेल नेम नाही, आणि अल रीम या आखाती वस्तीतली ती नर्सरी अशी की डब्यात शेंगदाण्याची चटणी गेली तरी घरी फोन यायचा. म्हणून तिच्या नवऱ्याने, सूर्यकांतने, घरात पिस्तुलाला घोडा म्हणायचं, असं ठरलं. मुंबईत भाई लोक तसंच म्हणतात हे वैभवीला ठाऊक होतं. नर्सरीतल्या मॅडमना ठाऊक नव्हतं.

सूर्यकांतची नोकरी तशी सरळ होती. शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबची खरेदी तो बघायचा. लोक यायचे, भाड्याने पिस्तूल घ्यायचे, कागदाच्या माणसावर गोळ्या झाडायचे आणि बर्गर खाऊन घरी जायचे. क्लबची जुनी पोलादी पिस्तुलं झिजली होती. सूर्यकांतने नवीन सुचवली होती. नळी आणि वरचा सरकता भाग पोलादाचा, खालचा सांगाडा प्लास्टिकचा, आणि नावाजलेल्या एकाच्या भावात तीन.

मॅनेजर राहिलभाई दापोलीकडचे. ते म्हणाले, "घेऊ की. शनिवारी मी स्वतः चालवून बघतो. अडकली तर तुला नि त्यांना एकाच पार्सलात परत पाठवतो."

हे ते हसत म्हणाले होते. वैभवीला मात्र हसू आलं नाही. सूर्यकांतचा व्हिसा नोकरीवर, तिचा आणि तनयाचा त्याच्या व्हिसावर. म्हणजे तीन माणसं एका स्वस्त प्लास्टिकला टांगलेली.

"पण स्वस्त का आहेत?" तिने जेवताना विचारलं.

"अगं, साच्यात ओततात. पोलाद कोरत बसावं लागत नाही. वर मोठं नाव नाही, जाहिरात नाही."

"आणि घोडा फुटला तर?"

"ते तुझ्या डब्याचं प्लास्टिक नव्हे. गंजत नाही, घाम लागून खराब होत नाही."

वैभवीचा असल्या बोलण्यावर विश्वास नव्हता. कुठलीही वस्तू घेताना ती फक्त एक स्टारवाले रिव्ह्यू वाचायची. तनयाची कार सीट तिने तशीच निवडली होती, बालरोगतज्ज्ञही तसाच. आता ती घोड्यांचे रिव्ह्यू वाचायला बसली. आधी लपूनछपून, इन्कॉग्निटोमध्ये. मग तेच जास्त संशयास्पद वाटलं, म्हणून उघड.

शिव्या भरपूर होत्या. पण नीट पाहिलं तर पिस्तुलाला कमी आणि गोळ्या भरायच्या मॅगझिनला जास्त. दुधाच्या बाटलीसारखंच; बाटलीला काही होत नाही, गळतं ते बूच. उरलेल्या रडगाण्यांखाली कुणी ना कुणी एकच उत्तर दिलेलं: पिस्तूल हलकं आहे, मनगट सैल सोडलंत तर रिकामं काडतूस बाहेर पडत नाही, मध्येच अडकतं.

"मॅगझिनं जास्तीची मागव," ती म्हणाली.

"मागवलीत. आणि मनगटाचं मला माहितीय गं."

शनिवारी क्लबने घरच्यांनाही बोलावलं होतं. जाड काचेमागे वैभवी, तनया आणि राहिलभाईंच्या बेगम अजराभाभी बसल्या. काचेपलीकडे राहिलभाई उभे राहिले. एक हात कमरेवर आणि एका हातात पिस्तूल, कुणी पोस्टर काढायला येणार असल्यासारखे. जुनं पोलादी धूड असं धरलेलं चालायचं. त्याचं वजनच सांभाळून घ्यायचं.

तिसऱ्या गोळीला अडकलं. सूर्यकांतने मोकळं करून दिलं. पुन्हा अडकलं.

तनयाने काचेला नाक लावलं आणि किंचाळली, "बाबा! युअर हॉर्स इज स्टक!"

राहिलभाई कानांवरचे मफ काढत बाहेर आले. "घोडाच हाय तो. खलास. कर पार्सल, सूर्या."

सूर्यकांतला कारण पक्कं ठाऊक होतं. पण मॅनेजरला, त्याच्या बेगमसमोर, 'तुमचं मनगट लुळं आहे' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? वैभवीला ते दिसलं. ती उठली.

"राहिलभाई, तुमच्या लेकीला, इनायाला, रस्ता ओलांडताना कसं धरता हो?"

"घट्ट. का?"

"एका हाताने?"

"नाय वहिनी. तिला दोन हात पण कमी पडतात. वासरू हाय नुसतं."

"बापावर गेलीय," अजराभाभी म्हणाल्या.

"मग तसंच धरून बघता का? हे जुन्यासारखं जड नाही. अंगाने हलकं, म्हणून हातातून उसळतं."

राहिलभाईंनी तिच्याकडे पाहिलं, सूर्यकांतकडे पाहिलं, मग आत गेले. कमरेवरचा हात खाली आला. दोन्ही हात पिस्तुलावर, मनगटं ताठ. एक मॅगझिन रिकामं झालं. दुसरं झालं. तिसरं सूर्यकांतने भरून दिलं. तेही रिकामं झालं. काहीही अडकलं नाही.

"यल्ला, चल, घे दहा," राहिलभाई बाहेर येऊन म्हणाले. "आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं, रस्त्यात पोरीला धरता तसं धरा. माझं नाव सांगू नको."

सोमवारी नर्सरीतून मेसेज आला. तनया सांगते की तिच्या बाबांनी दहा घोडे घेतले, प्लास्टिकचे, घट्ट धरलं नाही तर अडकतात. फार्म वीक, म्हणजे शेतातल्या प्राण्यांचा आठवडा चालू आहे, त्यातला एक पाठवता येईल का?

वैभवीने तो मेसेज तीनदा वाचला. मग खाली जाऊन सगळं स्वस्त मिळतं त्या दुकानातून एक तपकिरी घोडा घेऊन आली. सूर्यकांतने तो उचलून पाहिला. पाय त्याच्या हातात राहिला, घोडा टेबलावर.

"स्वस्त का होता?" त्याने विचारलं.

वैभवीने रिव्ह्यू वाचले नव्हते.