कापलेले नऊ सेकंद

१०:२१

लाइट अकराला जाते. संगणक चालू व्हायलाच चार मिनिटं खातो. म्हणजे उरली पस्तीस.

देवरूखच्या अलीकडची शाळा, नववीचा वर्ग, भूगोल. मी नीरजा, त्यांची बाई. दर पंधरवड्याला एक मूल आपल्या आवाजात एक धडा बोलतं, आणि शनिवारी बाजारातल्या सायबर कॅफेतून मी तो नेटवर टाकते. पॉडकास्ट. २००८ साली हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये अजून चहाबरोबर चेष्टेला घेतात. पुण्यातल्या एका शाळेची नववी तो वर्गात ऐकते आणि उलट आवाजच पाठवते.

आज त्यांचं उत्तर ऐकवायचं. मी ते काल ऐकलं.

कापलंही.

आधी

मागचा भाग मैनाचा होता. जूनपासून ती वर्गात एक वाक्य बोलली नव्हती. प्रश्न विचारला की उभी राहायची, वेणीचं टोक धरायची, बसायची. रेकॉर्डर हातात दिला, तर सगळ्यांना वर्गाबाहेर काढलं आणि सहा मिनिटं बोलली, कागद न बघता. जांभ्या दगडाविषयी.

"पावसात आमच्या सड्यावर फुलं येतात. शाळेला मी सड्यावरनंच चालत येते. उन्हात चटके बसतात, मग पळत."

सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. हे पुण्याला सांगायला हवं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी इथलीच.

१०:२९

स्पीकरमधून पुण्याचा वेद बोलतोय. "मैना, तुझा धडा आवडला. पण तू सड्यावरून चालत येतेस? खूप छान."

पोरं टाळ्या वाजवतात. मैना नाही.

"बाई, परत लावा."

लावते.

"हितं कापलंय," ती म्हणते. "'येतेस' नि 'खूप'च्या मधे त्याने श्वास घेतलानच नाय."

कापायला तिला मीच शिकवलं होतं. तिच्या धड्यातला खोकला तिनेच काढला होता.

"आवाज खराब होता तिथे."

"किती?"

"नऊ सेकंद."

"लावा ना बाई," मागच्या बाकावरून बाबल्या. "खराब तर खराब. आमी काय बालवाडीत हाव?"

मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये आहे, पेनड्राइव्ह पर्समध्ये. नाही म्हणता येतं. मैना बघतेय.

१०:३८

"...चालत येतेस? गावाला आमची काकू दारात शेणाचा सडा घालते. म्हणजे तू रोज शेणातून..."

आणि हसणं. सगळा वर्ग. तिकडचा.

मग इकडचा.

"शेणातली मैना!" बाबल्या ओरडतो.

मी डस्टर आपटते. गप्प, म्हणते. कुणीच गप्प होत नाही. मैना खाली बसलीय, वेणीचं टोक मुठीत. जून परत आला. सहा मिनिटं मिळवायला मला नऊ महिने लागले होते आणि

"बाई."

ती बसूनच बोलतेय.

"तुमी हसलात हे ऐकून?"

सायबर कॅफेत हेडफोन लावलेला. शेजारी कुणी नव्हतं.

"थोडीशी."

"मग कापलंत का?"

मी डस्टर खाली ठेवते.

१०:४६

ती टेबलाजवळ येते. रेकॉर्डर उचलते, लाल बटण दाबते. कुणाला बाहेर जायला सांगत नाही.

"वेद, मी मैना. सडे दोन असतात. एक घालतात, तो तुझ्या काकूचा. एक असतोच, तो आमचा. आमच्या सड्यावर शेण हाय, पण गुरं चरतात म्हणून, आणि ते चुकवत कसं पळायचं ते आमाला येतं. तुला यायचं नाय." थांबते. "बाबल्याला इचार. तो पण तिथनंच येतो."

"ए, मना कशाला मधे घेतेस?"

"दोनदा पडलाय. एकदा दप्तरासकट."

हशा. आता बाबल्यावर. तो उठतो, बसतो, स्वतःच हसायला लागतो. हे सगळं रेकॉर्डरमध्ये जातंय. मी हात पुढे करते, बंद करायला. ती रेकॉर्डर दुसऱ्या हातात घेते.

"आणि वेद, तू हसलास ते आमच्या बाईंनी कापलं होतं. आमाला वाईट वाटंल म्हणून. पण बाई पण हसल्या होत्या. त्यांनीच सांगितलं."

हे शनिवारी मी टाकणार. पुण्याचा वर्ग ऐकणार, त्यांच्या बाई ऐकणार, आणि आमचे हेडसर दर भाग ऐकतातच, चुका काढायला.

मैना रेकॉर्डर माझ्या तोंडासमोर धरते. लाल दिवा चालूच.

"बाई, हे कापाल?"

"नाही."

"ऐकू नाय आलं," ती म्हणते. "मोठ्याने."