एवढंसं झाड आणि खिडकीखालची काठी

मी एक जुना बांबू आहे. अगदी खरं सांगायचं तर एका जुन्या बांबूचा उरलेला तुकडा आहे. बाकीचं अंग कुठं गेलं ते पुढे येईलच. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. मी आतून पोकळ आहे, त्यामुळे सुख असो की दुःख, माझ्यात फार काळ मुक्काम करत नाही. जे पाहिलं ते सांगतो.

मी एका दाट बेटात वाढलो. भावंडांची इतकी गर्दी होती की वाकडं व्हायला जागाच नव्हती, म्हणून सरळ वाढलो. पुढे लोकांनी माझ्या सरळपणाचं फार कौतुक केलं, पण त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. मग एके दिवशी कोयता आला. भावंडांपैकी कुणी शिड्यांना गेलं, कुणी बांधकामाच्या परांचीला गेलं. मी एका बाईंच्या हाती लागलो.

या बाई लोकांच्या घरांभोवती बागा लावून देत. कुठल्या अंगणात कोणतं झाड शोभेल, कोणती फुलझाडं एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकतील, हे सांगणं हा त्यांचा धंदा. पण त्यांची एक रीत होती आणि तिला गिऱ्हाइकं वैतागत. झाड पसंत पडलं, घेणारा खूश झाला, की बाई म्हणत, "थांबा. आधी काठी." मग त्या मला झाडाच्या जागी रोवत, वरच्या टोकाला एक आडवी काठी बांधत आणि तिच्यावर जुनी चादर पसरत. झाड वाढून केवढं होईल त्याचा तो अंदाज. "चार दिवस हिच्याबरोबर राहा, मग झाडाला बोलवा," असं सांगून त्या निघून जात. सगळे त्यांना काठीवाल्या बाई म्हणत. मी बांबू असून त्यांनी मला काठी ठरवलं होतं. मी वाद घातला नाही.

याची गरज काय, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, रोपवाटिकेत सगळीच झाडं गुणी दिसतात. कुंडीत शहाण्यासारखी उभी असतात, गुडघ्याच्या वर जात नाहीत. माणूस त्यांच्याकडे पाहतो आणि म्हणतो, "एवढंसं तर आहे!" आयुष्यात मी हा शब्द जितका ऐकला तितका दुसरा कुठलाच ऐकला नाही. एका घरी मी गुलमोहर म्हणून उभा राहिलो, तर मालकांची मोटार फाटकातून आत येईना. एका घरी बहावा म्हणून उभा होतो, तर शेजारीणबाई आपले ओले कपडे घेऊन आल्या. त्यांना वाटलं, नवी दोरी बांधली आहे.

अशी बरीच घरं झाल्यावर मी त्या दोन बहिणींच्या घरी गेलो.

थोरली ताई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण घरात त्या पदावरून काही उतरल्या नव्हत्या. धाकटीचे केस पांढरे झाले होते, तरी तिला सगळे बेबीच म्हणत. बेबीचे पाय लहानपणापासून अधू. तिची खुर्ची पुढच्या खोलीच्या खिडकीशी असे, आणि सकाळी एकदा तिथं बसली की तिचा दिवस तिथंच जाई.

खिडकीसमोर रस्ता, पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान आणि बसथांबा. बेबीने येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं दिली होती. रोज बस सुटल्यावरच पोचणारा तो घाईवाला. पंप मागायला येऊन गप्पा मारत बसणारा तो हवापाणीवाला. आणि ऊन असो की सावली, छत्री मिटून हातात धरणारी ती छत्रीवाली. ही छत्रीवाली बसमध्ये चढण्याआधी खिडकीकडे बघून हात वर करी. बेबीही हात वर करी. दोघी एकमेकींशी कधी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

ताईंना तो रस्ता डोळ्यांसमोर नको होता. "त्या कळकट दुकानाकडे बघत दिवस काढायचा म्हणजे काय! धूळ, भोंगे, आरडाओरडा. बेबीला सोसतं का ते?" त्यांनी रोपवाटिकेतून कवठी चाफा आणला. जाड चकचकीत पानं, हातात मावणार नाहीत एवढी मोठी पांढरी फुलं, बाराही महिने हिरवा. तो बरोबर खिडकीपुढे लावायचा होता. हे सगळं प्रेमापोटी होतं, यात शंका नाही.

"छान आहे," बेबी म्हणाली. ताई जे आणतील ते तिला छानच असे. जिने आपल्यासाठी जन्म वेचला तिला नाही कसं म्हणायचं, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

काठीवाल्या बाईंनाही जागा आवडली. त्यांनी माती उकरून पाहिली, ऊन पाहिलं, रस्त्यावर जाऊन घराची शोभा पाहिली. "जागा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तरी पण आधी काठी."

"अहो, एवढंसं तर आहे!" ताई म्हणाल्या. पण बाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मला रोवलं, चादर ताणली आणि गेल्या.

सकाळी बेबी खुर्चीत येऊन बसली. समोर मी आणि माझी ठिगळाची चादर. ती डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली. पलीकडे बसचा आवाज आला, घाईवाल्याची पळापळ ऐकू आली. मग छत्रीवाली आली. तिने सवयीने खिडकीकडे पाहिलं आणि हात वर केला. चादरीला हात केल्यासारखं झालं. तिने तो हळूच खाली घेतला. मी मधे उभा होतो, म्हणून मला दोघी दिसत होत्या. त्या दोघींना मात्र मीच दिसत होतो. मला फार वाईट वाटलं.

बेबीने चष्मा काढला, नीट पुसला, डबीत ठेवला आणि डबी मिटली.

ताई चहा घेऊन आल्या. "कसं वाटतंय?"

"छान आहे गं."

"मग चष्मा का काढलास?"

"आता काय करायचाय? डोळ्यांनाही जरा विश्रांती."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की तक्रार शोधूनही सापडली नसती. पण मुलांच्या तोंडून खरं काढण्यात ताईंचा जन्म गेला होता. त्यांनी कप खाली ठेवला. बेबीच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आल्या आणि तिथून बाहेर पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ती खिडकी नेहमी उभ्यानेच पाहिली होती. बराच वेळ त्या उठल्या नाहीत.

मग घरातल्या चपला घालूनच त्या अंगणात आल्या आणि दोन्ही हातांनी मला उपटू लागल्या.

"ताई, अगं काय करतेस? छान होतं की!" बेबी आतून ओरडली.

"गप्प बस. पुन्हा खोटं बोललीस तर अंगठे धरून उभी करीन!"

"उभं राहता आलं असतं तर इथं बसले असते का मी?" बेबी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की घाईवालाही क्षणभर थांबून बघू लागला. अर्थात त्याची पुढचीही बस चुकली.

दुपारी निरोप मिळताच काठीवाल्या बाई आल्या. चाफा स्वयंपाकघराच्या बाजूला गेला. तिथली भिंत उन्हाने तापत होती, तिला पुढे सावली झाली. खिडकीखाली बुटकी फुलझाडं लावायचं ठरलं. "पण खिडकीच्या कट्ट्याच्या वर काही जाता कामा नये," ताई म्हणाल्या. "ही काठीच तेवढ्या उंचीला कापा. हिच्यापेक्षा जे उंच होईल ते या घरात नको."

बाईंनी करवत घेतली आणि जरा थांबल्या. माझ्यावर त्यांचा जीव होता, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी मला कापलं. वरचा भाग चाफ्याच्या रोपाला आधार म्हणून बांधला. पुढे तो तिथंच कुजून त्याच्या मुळांत गेला. चांगली जागा मिळाली त्याला. खालचा भाग खिडकीखाली रोवला. तोच मी.

मग माझ्याशी उंची लावून निवड झाली. पिवळी लिली आली. भुईचाफा आला, जो काही महिने जमिनीखाली गडप होतो आणि एक दिवस पानांआधीच फूल दाखवतो. कर्दळ नापास झाली. निशिगंधाची दांडी माझ्यावर वीतभर गेली तेव्हा ताई कात्री घेऊन निघाल्या, पण बेबी म्हणाली, "राहू दे गं. तो बारीक आहे. त्याच्या बाजूने दिसतं मला." तो वरच्या वर्गात गेला.

वर्षं गेली. एका हिवाळ्यात बेबी गेली. खुर्ची तिथंच राहिली. छत्रीवाली काही दिवस रिकाम्या खुर्चीला हात करत होती, मग नुसतीच बघत होती. एका सकाळी ताई त्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांचेही गुडघे आता साथ देत नव्हते. छत्रीवालीने पाहिलं. तिने हात वर केला. त्या कळकट दुकानाकडे, त्या धुळीकडे तोंड करून ताईंनीही हात वर केला, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

पुढे भिंत रंगवायला माणसं आली. त्यांनी मला उपटून मागे फुटक्या कुंड्यांत टाकलं आणि कुणाला आठवण राहिली नाही. मला कीड लागली, मधे चीर गेली. त्यांचं चुकलं असंही नाही. दिसायला मी एक काठीच होतो.

परवा ताईंची भाची एक देखणी कुंडी घेऊन आली. खिडकीखाली फुलं विरळ झाली आहेत, तिथं लावू म्हणाली. "आत्या, बघ ना, एवढंसं तर आहे!"

ताईंनी मान वर केली. "काठी शोध," त्या म्हणाल्या.

भाचीने कुंड्या हलवून मला बाहेर काढलं. "ही? ही तर मोडायला आली आहे."

"रोव तिथं. आणि आता आत येऊन इथं बस."

भाची खुर्चीत बसली. मी जुन्या जागी उभा होतो, कुणाच्याही आड न येता. पलीकडे बस आली. केस पिकलेल्या एका बाईने मिटलेली छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि खिडकीकडे बघून हात वर केला.

"आत्या, कोण आहेत त्या?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाल्या. "हात वर कर."

भाचीने हात वर केला. कुंडी अजून फाटकाशीच आहे. ते झाड चाफ्याच्या पलीकडे लावायचं ठरतं आहे.

मित्रांनो, झाडं जरूर लावा. फक्त खड्डा खणण्याआधी एकदा घरात जा, आणि जिथं कुणी रोज बसतं तिथं तेवढ्याच उंचीवर बसून बाहेर बघा. काठी नंतर रोवली तरी चालेल.